नवा अभ्रा

दादा: बघ, आज पण. डोळे उघडले की फटाक फटाक शिंका. नाक तर गळक्या नळासारखं.

धाकटी: नाटक.

दादा: नाटक? डोळे बघ माझे, टोमॅटो झालेत.

धाकटी: माझे पण व्हायचे. तेव्हा बेकरीच्या मालकाला काय सांगितलंस? "पोरगी पिठात शिंकते. शाळा सोडली, आता काम सोडायचं नाटक करते." आणि दुसऱ्याच दिवशी माझाच ॲप्रन बांधून माझ्याच जागेवर तू उभा.

दादा: झालं गेलं, सोड ना. तुझं कशानं थांबलं ते सांग. मालक म्हणालाय, उद्या पिठापाशी शिंकलास तर तू पण घरी बस.

धाकटी: सांगितलं की. चादर गरम पाण्यात धुवायची. गादी उन्हात टाकायची. पंखा ओल्या फडक्यानं पुसायचा. मांजर खोलीबाहेर.

दादा: सगळं केलं. तुझी चादर पण मीच धुतली. हात सोलले माझे.

धाकटी: माझी चादर झकास निघाली हां. पडदे राहिलेत.

दादा: ते पण धुवू?

धाकटी: माझ्या खोलीतले आधी.

आई: अगं, त्याला काय धोबी म्हणून ठेवलंय का? उशीचं बघितलं का कोणी?

दादा: उशी नवीकोरी आहे आई. हिनंच दिली, ती पट्ट्यापट्ट्यांची. म्हटलं, चला, राग गेला हिचा.

आई: नवी? या घरात नवी उशी कधी आली गं?

धाकटी: अभ्रा नवा आहे.

दादा: म्हणजे?

धाकटी: आत माझीच जुनी. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, सगळी धूळ हिच्यातच बसलीय, हिच्यावर झोपतेस म्हणून सकाळी शिंकतेस, टाकून दे. मी टाकली. तुझ्या गादीवर.

दादा: भवाने, पंधरा दिवस तोंड खुपसून झोपलो मी तिच्यात.

धाकटी: घोरत पण होतास.

आई: पुरे आता. दे त्याला दुसरी. भाऊ आहे तुझा.

धाकटी: देते की. आधी त्याला मालकाला फोन लावू दे.

दादा: लावतो. काय सांगू?

धाकटी: काही सांगू नकोस. नुसता शिंक.