हिराआयचा उलव्याचा गाळा

हिराआयच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांना नमस्कार आणि सलाम. रवीदादा, संगीतावहिनी, गव्हाणहून आलेल्या माझ्या मावश्यांनो, काक्यांनो.

मी नसरीन. तुमच्यातल्या पुष्कळ जणांना मी सुई टोचलेली आहे, म्हणजे तोंडओळख तरी आहेच. सुई हातात असली की माझा हात हलत नाही. पण माइक धरायची सवय नाही. सांभाळून घ्या.

मी बोलणार नव्हते. पण सकाळी आयच्या मुलाचा, रवीदादांचा फोन आला. म्हणाले, "नसरीन, आयबद्दल तू बोललीच पाहिजेस. आमच्याकडून तिचं कौतुक नाही जमायचं, रडायलाच येईल." मला तरी कुठे जमणार आहे? पण आयच्या घरचा शब्द आहे, नाही म्हणता येत नाही.

मी इथे पनवेलला एका खाजगी हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन होते. हिराआय तिथे शुगर तपासायला यायची. तिच्या शिरा खोल. नवीन मुलींना सापडायच्या नाहीत. एकदा भर वेटिंग रूममध्ये तिने हात वर केला आणि ओरडली, "मागल्या वेळी पोरींनी चालनी केली माज्या हाताची! ती ओढनीवाली हाय ना, तिला बोलवा. नायतं मी चालली घरी."

ओढणीवाली म्हणजे मी. तेव्हापासून आय माझी झाली.

त्या दिवसांत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. उलव्याला इमारतींवर इमारती उठत होत्या. माणसं राहायला येत होती, पण साधं रक्त तपासायचं तर पनवेल गाठावं लागायचं. एक मोठी लॅब कंपनी तिथे फ्रँचायझी देत होती. आपण सेंटर काढायचं, रक्त घ्यायचं, नमुने कंपनीच्या लॅबला पाठवायचे. मी अर्ज केला, इंटरव्ह्यू दिला, पास झाले. घरी खीर केली. नवरा तळोज्याला कंपनीत शिफ्टवर जातो, तो पण त्या दिवशी खूश होता.

आणि मग सुरू झाला फेरा. फ्रँचायझीवाले म्हणाले, जागा दाखवा, भांडवल दाखवा. बँक म्हणाली, अल्पसंख्याकांसाठी कर्जाची योजना आहे, देऊ, पण आधी गाळ्याचा करार आणा, जामीनदार आणा. गाळेवाले म्हणाले, आधी डिपॉझिट. आता डिपॉझिट कुठून द्यायचं? ते कर्जातूनच द्यायचं होतं ना!

त्यातून फोनवर सगळं जमायचं. "या मॅडम, बघून घ्या." मग नाव विचारायचे. मी म्हणायचे, नसरीन. की लगेच तो गाळा मालकाच्या भाच्याला दिलेला निघायचा. उलव्यातले किती गाळे त्या महिन्यात भाच्यांना गेले, अल्लाच जाणे.

हसा, हसा. आज मलाही हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. कारण मी राजीनामा देऊन बसले होते. भांडवलात स्वतःचा हिस्सा म्हणून पीएफ काढायचा होता, त्यासाठी नोकरी सोडणं भाग होतं. आणि कंपनीने सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत थांबू, नंतर दुसऱ्याला देऊ.

नोटिशीचे शेवटचे दिवस चालू होते, तेव्हा हिराआय हॉस्पिटलात आली. मी रक्त घेतलं, कापूस दाबला. ती उठेना.

"तोंड कनाला उतरलंय तुजं?"

"काही नाही आय."

"नाय कसा? बोल."

मी सगळं सांगितलं, आणि तिने धंदा कसा करणार ते खोदून खोदून विचारलं. तिने कापूस फेकला आणि म्हणाली, "उलव्याला आमचा गाला हाय. रिकामा हाय. कनाला सांगितला नाय मला?"

आता मी कशी सांगणार होते? मला काय माहीत तिचा गाळा आहे? पण आयचं असंच. जगाला सगळं माहीत असायलाच पाहिजे.

रवीदादा, पुढचं सांगू का? ... मान हलवतायत. सांगते. दादांनी तो गाळा एका मोबाइल शोरूमला द्यायचं ठरवलं होतं. भाडंही चांगलं येणार होतं. त्यांचं काही चुकत नव्हतं. आयने त्यांना समोर बसवलं, मी तिथेच होते. म्हणाली, "रवी, आपली जमीन सरकारात गेली तवा आपल्याला कोनी इचारलं नाय, इथं काय होनार म्हनून. आता या गाल्यात काय होनार ते मी ठरवनार."

मग माझ्याकडे वळली. "डिपॉझिट नको. पन भाडं पयल्या महिन्यापासून घेनार. ते सोडनार नाय. सोडलं तं तू माजी मिंधी व्हशील. मग माज्याशी भांडनार कोन?"

मी घरी जाऊन हे वाक्य अम्मीला सांगितलं. अम्मीने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "या बाईसाठी पाचही वेळा दुआ कर."

जामीनदार म्हणूनही तीच आली. बँकेत आम्ही तिघं गेलो. मॅनेजर साहेब सगळं रवीदादांना विचारत होते. गाळा किती जुना, टॅक्स भरलाय का, तुमची संमती आहे का. आय ऐकत होती. मग टेबलावर हात ठेवून म्हणाली, "साहेब, गाला माज्या नावावर हाय. माज्याशी बोला."

साहेब जरा ओशाळले. म्हणाले, "आजी, जामीन राहणं म्हणजे काय, माहीत आहे ना? उद्या या मॅडमनी हप्ते नाही भरले तर?"

"तं मी भरीन."

"तुमचं यांच्याशी नातं काय?"

मला वाटलं, आता संपलं. नातं काय सांगणार? आयने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ही माजं रगत काढते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. आय म्हणाली, "घरच्यांना जमत नाय ते हिला जमतं. आनकी काय नातं पायजे?"

मॅनेजर हसले. मोकळं हसले. मागितलं होतं त्याहून कमी कर्ज मंजूर झालं, नमुने ठेवायचा फ्रीज जुना घ्यावा लागला, पण दिवाळीच्या आधी माझ्या सेंटरवर बोर्ड लागला.

आणि मग? कोणी येईना. समोरून माणसं जायची, बोर्ड वाचायची, पुढे जायची. मी रोज फरशी पुसायचे. भाड्याची तारीख जवळ यायची तशी झोप उडायची. आयला मी काही सांगितलं नव्हतं. पण तिला कळलं.

एका सकाळी बाहेर टमटम थांबली. आतून बायका उतरतायत, उतरतायत, संपतच नाहीत. तिच्या गावच्या, गव्हाणच्या महिला मंडळाला आय रिकाम्या पोटी घेऊन आली होती! चहा मिळाला नाही म्हणून सगळ्या चिडलेल्या. यशोदाकाकी, तुम्ही मला म्हणालात, "ए पोरी, रगत घे नायतं चहा दे!" आठवतं ना?

त्या टमटममध्ये आयची सून, आपल्या संगीतावहिनीही होत्या. बळेच आणलेल्या. वहिनी कितीतरी दिवस दमल्यासारख्या असायच्या, आणि सगळे म्हणायचे, कामाने होतं. रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन इतकं कमी की लॅबच्या डॉक्टरांनी स्वतः फोन केला, या बाईंना आजच दाखवा. दादा त्यांना तसेच हॉस्पिटलात घेऊन गेले. वहिनी बऱ्या झाल्या. आज समोर बसल्या आहेत. अल्लाची मेहरबानी.

त्यानंतर एक दिवस मी सेंटरवर गेले, तर रवीदादा शिडीवर चढून दारावर पत्र्याची शेड ठोकत होते. म्हणाले, "पेशंट उन्हात उभे राहतात." आणि पुढचा खिळा ठोकला. दादा, त्या शेडचे मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आज मानते.

कर्ज फिटलं. सेंटर चालतं. माझ्याकडे दोन मुली कामाला आहेत. मी आयला भाडं नेऊन द्यायचे तेव्हा ती प्रत्येक वेळी भांडायची. फरशी नीट नाही, बोर्ड मळलाय, त्या मुलींना जास्त पगार दे. भांडून झालं की जेवू घालायची. तांदळाची भाकरी, आणि माझ्यासाठी वेगळं काही नाही, जे घरात तेच.

मंडळी, मेहनत मी केली. त्याचा मला अभिमान आहे. पण मेहनत करायला चार भिंती लागतात, आणि बँकेत शेजारी बसणारं कोणीतरी लागतं. ते मला हिराआयने दिलं.

या हॉलमध्ये गाळे असलेली खूप माणसं आहेत. लहान तोंडी मोठा घास घेते, माफ करा. उद्या कोणी मुलगी तुमच्याकडे गाळा मागायला आली, तर तिला आधी विचारा, धंदा काय करणार? कसा करणार? कडक विचारा. आयने मला खूप कडक विचारलं होतं. नाव नंतर विचारा.

आमच्यात म्हणतात, आपण सगळे त्याचेच, आणि त्याच्याकडेच परत जाणार. आय गेली. तिच्या देवाने आणि माझ्या अल्लाने मिळून तिला चांगली जागा द्यावी.

आय बोलायला लागली की मध्ये कोणी बोललेलं तिला खपायचं नाही. आता आपण उभे राहू या, आणि थोडा वेळ कोणीच बोलायचं नाही. ज्याला त्याला तिने जे काही सुनावलं असेल, ते मनात ऐकू या.