बुडाचं कुंकू

मरोळच्या पॉलिशवाल्याकडे समई घेऊन उभ्या असलेल्या जयवंतचे कान रांगेत पुढे असलेल्या सासू-सुनेकडे लागले होते.

“आई, हे निरांजन कसं झकास चमकेल बघा.”

“निरांजन कुठलं गं? पोस्टात लाखेचं सील मारायला मेणबत्ती लावायचे ना, तिचं स्टँड ते. ह्यांना रिटायर होताना दिलं. हे गेल्यावर मीच देवघरात ठेवलं.”

“आणि बुडाला हे कुंकू?”

“लाख आहे ती. शेवटच्या दिवशी ह्यांच्या हातून सांडली.”

“अहो, मग इतकी वर्षं मला कुंकू का सांगत आलात?”

“लाख म्हटलं असतं तर तू कधीच खरवडून काढली असतीस. कुंकू म्हटलं की कोण पुसणार?”

त्यांचा नंबर आला. सून पुढे झाली.

“दादा, वरूनच पॉलिश मारा हां. बुडाला कुंकू आहे, ते राहू द्या.”