जळालेला शालू आणि दोनशे बावीस पावलं

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी, आणि मला एक सांगा. चांगलं काम करणाऱ्या माणसाने 'मी इथे आहे' असं सांगावं, की गप्प बसावं?

गप्प बसावं! बघा, पुढच्या रांगेतून उत्तर आलंसुद्धा. स्वतःचं नाव स्वतः घेणं म्हणजे अहंकार — असंच शिकवलंय ना आपल्याला? बरं. मग बार्शीच्या त्रिंबकराव पोरे यांची गोष्ट ऐका, आणि अहंकार कुठे लपतो ते तुम्हीच शोधा.

त्रिंबकराव रफू करायचे. रफू म्हणजे ठिगळ नव्हे हो! त्याच कापडाच्या आतल्या टोकातून धागे ओढून काढायचे आणि सुईने उभा-आडवा एकेक धागा विणत भोक बुजवायचं. यंत्राने कापड विणतात, हा माणूस बोटांनी विणायचा. वय एकसष्ट. सकाळच्या उजेडात उंबऱ्याशी बसायचा, चष्म्यावर भिंग चढवायचा, आणि काम संपलं की भोक कुठे होतं ते त्याला स्वतःलाच चाचपून शोधावं लागायचं.

असा कारागीर! आणि दुकानात चिटपाखरू नाही. का?

तर हा धंदाच उफराटा. हलवायाचा पेढा आवडला तर तुम्ही गावभर सांगता. रफू आवडलं तर? ओठ शिवून बसता. 'माझी पैठणी उंदराने खाल्ली होती हो' — कोण सांगणार चारचौघांत? त्रिंबकरावांचं गिऱ्हाईक मागच्या दाराने यायचं, पिशवी पदराखाली, आणि तसंच निघून जायचं. त्रिंबकरावही तोंडाचे पक्के. कुणाचं काय फाटलं, देवालाही कळू द्यायचे नाहीत. दुकानावर पाटी वडिलांच्या वेळची — 'पोरे टेलर्स'. वडील पायजमे शिवायचे. गल्लीतल्या निम्म्या लोकांना वाटायचं, हेही पायजमेच शिवतात.

बायको कौसल्या. जिभेला धार, पण मनाने लोणी. ती म्हणायची, "अहो, मोबाईलवर दुकान टाकू या. सगळे टाकतात. चहावाल्याने टाकलंय, केस कापणाऱ्याने टाकलंय."

त्रिंबकराव सुईत धागा ओवत म्हणायचे, "माझं काम दिसत नाही, हेच माझं काम. मग मी कशाला दिसायला हवं?"

वा! काय वाक्य! टाळी वाजवावीशी वाटते ना? वाजवू नका. असल्या वाक्यांनी चुली विझतात.

आणि विझत आलीच होती. महिन्याकाठी सोलापूरच्या एका मोठ्या साडीच्या दुकानातून एखादं पार्सल यायचं, तेवढंच काम. शेवटी त्रिंबकरावांनी बसस्टँडसमोरच्या दुमजली कपड्याच्या दुकानात शब्द दिला. येत्या सोमवारपासून तिथे बसायचं, तयार पँटींचे पाय आखूड करायचे. चाळीस वर्षं जरीचा तार न् तार जुळवणारा हात — पँटींचे पाय! दुकान बंद. सुया डब्यात.

त्याच आठवड्यात सोलापूरहून एक पार्सल आलं. उघडलं, आणि त्रिंबकराव बघतच राहिले. जांभळा शालू, साठ-सत्तर वर्षांचा, अंगभर कोयऱ्या, आणि खांद्यावर रुपयाएवढं जळालेलं भोक. नाव नाही, गाव नाही, नुसता नंबर. दुकानवाला गिऱ्हाइकाचं नाव कशाला कळवेल?

"कौसल्या, हे माझं शेवटचं," ते म्हणाले.

"मग नीट करा," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, म्हणून फोडणी जास्त दिली.

दोन दिवस शालू मांडीवर. भोक बुजलं. पार्सल परत सोलापूरला गेलं.

आता लग्न! मागच्या गल्लीतल्या ढगेबाईंच्या मुलीचं. निर्मलाबाई ढगे, कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आख्ख्या पेठेला बोलावणं. त्रिंबकराव जेवायला बसले, पानात मठ्ठा आला, आणि समोरून नवरीमुलगी पाया पडायला आली — अंगावर जांभळा शालू, अंगभर कोयऱ्या!

मंडळी, दोन दिवस मांडीवर घेतलेलं कापड कारागीर विसरेल? त्यांचा हात पानातच थांबला.

"बाई," त्यांनी हळूच विचारलं, "हा शालू..."

"माझ्या आईचा," ढगेबाई म्हणाल्या. "अहो, काय सांगू. उदबत्तीचा निखारा पडला आणि जळाला. कुणाला बोलले नाही. बार्शीत असलं काम करणारं कुणी आहे का, मोबाईलवर शोध शोध शोधलं. एकही नाही. शेवटी सोलापूरला दिला. काम सुरेख केलंन, पण पार्सल लांबलं. मुहूर्त बारा-बत्तीसचा आणि शालू आला सव्वाला. अक्षता पडल्या तेव्हा पोरगी दुसऱ्याच साडीत उभी होती. आईची फार इच्छा होती हो, नातीने हाच नेसावा बोहल्यावर."

ऐकलंत? शालू मागच्या गल्लीतून निघाला, सत्तर किलोमीटर सोलापूरला गेला, सत्तर किलोमीटर परत पुढच्या गल्लीत आला, पुन्हा सोलापूर, पुन्हा बार्शी. आणि ढगेबाईंच्या दारापासून त्रिंबकरावांच्या उंबऱ्यापर्यंत किती अंतर? दोनशे बावीस पावलं. कुणी मोजली? कौसल्येने. त्याच दुपारी, रागाने, पैठणी आवरत!

पण त्याआधी मांडवातच तिने एक शहाणपणाचं काम केलं. म्हणाली, "बाई, राग मानू नका. मोबाईलवर शोधताना काय लिहिलं होतंत?"

बाईंनी फोन काढून दाखवलं. 'जळालेली साडी दुरुस्ती बार्शी.'

"रफू नाही लिहिलंत?"

"तो शब्द सुचलाच नाही गं. मला जळालेली दिसत होती, तेच लिहिलं."

इथे नीट ध्यान द्या. इंग्रजीत याला भलंमोठं नाव आहे, एसईओ म्हणतात, आणि ते शिकवायला लोक हॉटेलात हॉल घेतात. गाभा एवढासाच. मोबाईलला तुमच्या वाडवडिलांची कीर्ती ठाऊक नाही. समोरचा आपल्या दुखण्याला ज्या शब्दाने हाक मारतो, तो शब्द तुम्ही कुठे लिहून ठेवलाय का, तुम्ही त्याच्या जवळ आहात का, आणि तुमच्याबद्दल कुणी काही बोललंय का — एवढंच ते बघतं. सोलापूरवाला चोर नव्हता. तो सापडला, इतकंच!

घरी आल्यावर त्रिंबकराव म्हणाले, "आपणच आपला डंका पिटायचा? मला नाही जमत. आपण साधी माणसं."

कौसल्या म्हणाली, "साधी? लोकांनी हुडकत यावं, धूळ तुडवत यावं, मग आम्ही सुई उचलणार — याला साधेपणा म्हणतात होय? त्या पोरीच्या आजीला सांगा जाऊन, आम्ही साधे आहोत म्हणून."

त्रिंबकराव चष्मा पुसत बसले.

अहो, विष्णूला हजार नावं कशाला? त्याला स्वतःला एकही नको. नावं असतात ती हाक मारणाऱ्यासाठी. ज्याच्या तोंडी जो शब्द येईल, त्या शब्दाला ओ देता यावी म्हणून! आणि आमचे त्रिंबकराव? नाव एकच, 'पोरे टेलर्स', तेही वडिलांचं. जगाचा मालक हजार हाकांना ओ देतो आणि हे एका हाकेला देईनात. आता सांगा, अहंकार कुणाचा?

रात्र झाली नाही तोच कौसल्येने मोबाईलच्या नकाशावर दुकान चढवलं. 'पोरे रफू, पाण्याच्या टाकीमागे, मंगळवारी बंद.' आणि खाली लिहीत सुटली — जळालेली साडी, उंदराने कुरतडलेला शालू, खिळ्याला अडकून फाटलेली पैठणी, कसर लागलेला कोट, इस्त्रीने करपलेला सदरा.

"फोटो मागतंय," ती म्हणाली. "आधीचा आणि नंतरचा."

"गिऱ्हाइकाचा देणार नाही. लोकांची अब्रू आहे ती."

"बरं," म्हणाली. देवघरात गेली, पेटती उदबत्ती घेतली आणि स्वतःच्या लग्नाच्या पैठणीला लावली!

"अगं वेडी झालीस का?"

"माझी अब्रू मी बघेन. तुम्ही बुजवा."

शनिवार-रविवार त्रिंबकराव मान वर न करता बसले. दोन फोटो चढले. एकात भोक, एकात नुसती पैठणी.

आता उरलं चार लोकांनी बोलणं. आणि इथेच घोडं अडलं. रफूवाल्याबद्दल कोण लिहिणार? लिहिलं की आपलं फाटलेलं उघड! कौसल्या ढगेबाईंकडे गेली, सगळं सांगितलं. शालू कुठे दुरुस्त झाला, तेही.

"व्याह्यांना कळेल गं," बाई म्हणाल्या. "नवा म्हणून नव्हे, पण धड म्हणून दिलाय शालू मुलीला."

"मग राहू द्या, बाई. मी आग्रह नाही करत."

सोमवार उजाडला. त्रिंबकरावांनी धुतलेला सदरा घातला, डबा हातात घेतला. शब्द दिला होता ना! चप्पल घालणार, तेवढ्यात फोन वाजला. कुर्डुवाडीहून एक बाई. "कसर लागलेला कोट करता का हो? ह्यांच्या वडिलांचा आहे. मोबाईलवर कुणा निर्मला ढगे यांनी लिहिलेलं वाचलं, म्हणून विचारते."

त्रिंबकरावांनी फोन कौसल्येकडे दिला. "वाच," म्हणाले. "भिंग नाही माझ्याकडे." भिंग खिशातच होतं.

ढगेबाईंनी स्वतःच्या पूर्ण नावानिशी लिहिलं होतं : 'माझ्या आईचा शालू खांद्यावर जळला होता. त्रिंबक पोरे यांनी दुरुस्त केला. नेमका कुठे जळला होता, ते आता मलाही सापडत नाही.'

त्रिंबकराव उंबऱ्याशी बसले. डबा उघडून तिथेच पोळी खाल्ली, सकाळी साडेनऊला. मग दुमजली दुकानात जाऊन नम्रपणे सांगून आले की पँटींसाठी दुसरा माणूस बघा.

झालं. आता तुमच्याकडे वळतो. इथे बसलेल्यांत शिलाईवाले आहेत, पंप दुरुस्त करणारे आहेत, डबे देणाऱ्या ताया आहेत. कामाला खोट नाही, आणि शोधायला गेलं तर कुठेच नाहीत! लपून बसणं ही भक्ती नाही, मंडळी. तुमच्यावाचून कुणाचं तरी अडलंय. आणि ज्यांनी आजवर गुपचूप चांगलं काम करून घेतलं अन् चार शब्द लिहिले नाहीत, ते तर त्यांच्याहून मोठे अपराधी. मोबाईलवर कौतुकाचे खोटे तारे विकत घेऊन मिरवणाऱ्यांना मी काही सांगत नाही, त्यांचं ते भोगतील. तुम्ही खरं लिहा.

बाकीचे कीर्तनकार फोन बंद करायला सांगतात. मी सांगतो, काढा. काय हो काका, खांबाला टेकलेले — गुडघ्याचा तो पट्टा कुणी मापाने शिवून दिला तुम्हाला? त्यांचं नाव घाला. सापडत नाहीत? मग उद्या सकाळी त्यांच्या दारात जा आणि त्यांना नकाशावर चढवून या. सापडले? मग लिहा, तुमच्या शब्दांत. आरती थांबेल. मी उभा आहे.