धुतलेला डबा

शिरूरच्या एसटी स्टँडवर दुपारच्या उन्हाने फलाट धुतल्यासारखा पांढरा पडला होता. सबाच्या मांडीवर तान्हे बाळ होते आणि मुठीत भाड्याच्या नव्या घराची, चारशे दोनची किल्ली. मागच्या बाकावर एका सोसायटीचा सुका कचरा निवडणारी विठाबाई आणि तिचे मुकादम खुर्शिदमामा निमोण्याच्या गाडीची वाट पाहत होते.

"मामा, चारशे दोनची पिशवी आजबी दाराबाहेर व्हती."

"कुलूप हाय तिथं. तिथली आजी जाऊन वरीस झालं, विठाबाई."

"मग दुधाच्या पिशव्या धुऊन, चौघडी घालून कोण ठेवतंय? तशी घडी फकस्त आजीचीच."

"पोरांची चेष्टा आसंल."

"सांगून सांगून आया पिशव्या धुवत न्हाईत, आन् पोरं धुत्यात व्हय?"

"आता गप ऱ्हावा. आज नवं बिऱ्हाड येतंय तिथं."

"आजीला ठाव हाय ते."

"म्हंजी?"

"आज पिशवीत बाळाच्या दुधाचा डबा व्हता. सोच्छ धुतलेला."

खुर्शिदमामा उठून गाडीची चौकशी करायला गेले.

सबाने सकाळीच विकत घेतलेला बाळाच्या दूध पावडरचा डबा थैलीतून हळूच बाहेर काढला. सील शाबूत होते. डबा मात्र हाताला अगदी रिकाम्यासारखा हलका लागला.