वाढवा म्हणायचं

सिस्टर : हा चुना कोणी लावला?

शकुबाई : मी लावला. सासू हाय मी हिची. गांधीलमाशी चावली की आमच्याकडं आधी लोखंड चोळत्यात, मग वरनं चुना लावत्यात.

सिस्टर : चुन्याने कातडी जळली आहे. आणि जळल्यावर हिने खाजवलं. मालन, खाजवलं ना?

मालन : लय खाज सुटायची बाई. झोपेत पण हात तिथंच जायचा.

सिस्टर : आणि दिवसभर काम चालू होतं?

मालन : कांदे निवडायचं काम हाय. त्याला सुट्टी कुठली? धुळीत, मातीतच हात असतो.

सिस्टर : किती माश्या चावल्या?

मालन : मोजत कोण बसतंय! कांद्याच्या चाळीत वर पोळं होतं, ते दिसलं नाय मला. पाटी वढायला हात घातला आन सगळ्या उठल्या. हा उजवा हातच सापडला त्यांना.

शकुबाई : सगळ्या गावाला चावत्यात वो गांधीलमाशा. दोन दिवस फुगतं आन उतरतं. हिचंच उतरंना.

सिस्टर : कसं उतरेल? हे बघा, बोट दाबलं की खड्डा पडतो. आत पू आहे. ही लाल रेघ कधीपासून आहे?

शकुबाई : कुठली रेघ? रातच्याला तर नव्हती.

मालन : होती आत्या. चिमणीच्या उजेडात तुमाला दिसली नाय.

शकुबाई : मग सांगायचं नाय व्हय गं?

मालन : सांगून काय केलं असतं? अजून चुना लावला असता तुमी.

सिस्टर : भांडण नंतर. काखेत दुखतं का?

मालन : गाठ आलीय. हात खाली सोडवत नाय.

शकुबाई : अवधाण आलं म्हणत्यात त्याला. हाताला काय झालं की काखेत येतं.

सिस्टर : नाव काही पण असू दे. विष वर चढतंय, त्याची ती गाठ. ताप पण आहे. डॉक्टरसाहेब आत पेशंट बघतायत. ते झाले की हिला घेतील, चिरा देतील, पू काढतील. त्याच्या आधी ह्या बांगड्या फोडायच्या.

शकुबाई : काय म्हणलात?

सिस्टर : बांगड्या. मनगटात रुतल्या आहेत. फोडायच्या.

शकुबाई : चल गं मालन. उठ. दुसरा दवाखाना बघू. सकाळच्या पारी कुणाच्या सुनेला असं बोलत्यात का?

मालन : बसा वो आत्या. बाई केरळच्या दिसत्यात. त्यांना ठाऊक नाय.

सिस्टर : केरळची आहे, पण नाशिकला येऊन माझे केस पिकायला लागले. मराठी सगळं समजतं मला. मी चुकीचं काय बोलले?

मालन : फोडा म्हणत नाय बाई. वाढवा म्हणायचं.

सिस्टर : वाढवा? मतलब, अजून घालायच्या?

मालन : तसं नाय. बांगडी फुटली तरी वाढली म्हणायचं. कासाराकडं गेलं, जुन्या काढायच्या असल्या, तरी वाढवा म्हणायचं. फोडत्यात त्या... नवरा गेल्यावर.

सिस्टर : अरे देवा! हात वाढला तर सुजला म्हणता, आणि बांगडी फुटली तर वाढली म्हणता. बरं, चुकलं माझं. वाढवा. आजी, आता वाढवू?

शकुबाई : नाय.

सिस्टर : आता काय झालं? शब्द बदलला ना मी?

शकुबाई : साबण द्या. मी काढते. साबणानं सरकत्यात.

सिस्टर : सरकणार नाहीत. पंजा बघा केवढा झालाय.

शकुबाई : द्या तर खरं.

सिस्टर : घ्या. हे पाणी. हळू करा.

मालन : आई गं! आत्या, नका. नका ना. मरते मी.

शकुबाई : जरा कळ काढ पोरी. आंगठा आत घे.

मालन : आंगठा वळत नाय वो! सोडा!

सिस्टर : सोडा तिला. बास झालं. कातडी फाटेल. सांगितलं ना मी? आजी, देवाचं काही आहे का? नवस वगैरे? तसं असेल तर देवाला मी सांगते. आमच्या चर्चमध्ये पण सांगते.

शकुबाई : देव कुठला आलाय आता? धम्माची दीक्षा घेतली तवा माझ्या सासऱ्यानं देव्हारा उचलला आन गोदावरीत सोडला. मी काठावर उभी होते. देव गेले, बांगड्या राहिल्या.

सिस्टर : मग अडचण काय? हिच्या नवऱ्याला विचारायचं आहे का? कुठे असतो तो?

शकुबाई : बाहेरगावी.

सिस्टर : कामाला?

शकुबाई : ट्रकवर. लासलगावहून कांदा घेऊन जातो. किलीनर हाय.

सिस्टर : परत कधी येणार?

शकुबाई : येईल.

सिस्टर : येईल म्हणजे कधी? आज? उद्या? हा हात उद्यापर्यंत थांबणार नाही.

शकुबाई : ट्रकचं काय सांगावं बाई. रस्ते खराब.

मालन : आत्या.

शकुबाई : तू गप बस.

मालन : बाई, मागच्या पावसाळ्यात गेले ते. कलकत्त्याच्या वाटेवर ट्रक नदीत गेला. पूर होता. मालकाची तार आली.

शकुबाई : तारेत सोमा सापडला नाय असं होतं. मेला असं नव्हतं. मास्तरांकडनं मी दोनदा वाचून घेतली.

मालन : ड्रायव्हर सापडला. लय खाली वाहून गेला होता.

शकुबाई : ड्रायव्हरला पोहता येत नव्हतं! माझ्या सोमाला येतं. आमच्या सायखेड्याच्या पुरात उड्या मारायचा तो. बायका धुणं टाकून बघत बसायच्या.

सिस्टर : तेव्हापासून काही खबर नाही?

शकुबाई : कुठं डोक्याला मार लागला असंल. बोलता येत नसंल. परका मुलूख. ह्या तुमी नाय का इतक्या लांबून आलेल्या?

सिस्टर : मी पत्ता घेऊन आले, आजी.

शकुबाई : आमच्यात मढं दिसल्याबिगर बांगडीला हात लावत नाय. मी बघितलं नाय. हिनं बघितलं नाय. मग कशाला लावायचा?

सिस्टर : हे बघा, मी जास्त शिकवत नाही तुम्हाला. इथे असे हात रोज येतात. ही रेघ कोपराच्या वर गेली आहे. बांगडी रक्त अडवते आहे, बोटं बघा, निळी व्हायला लागली. डॉक्टर अशा हाताला चिरा देणार नाहीत. मोठ्या हॉस्पिटलला पाठवतील. तिथे पोचेपर्यंत बोटं गेली तर गेली. विष रक्तात गेलं तर ही पण गेली. सरळ सांगते. राग आला तरी चालेल.

शकुबाई : संध्याकाळपर्यंत थांबलं तर?

सिस्टर : संध्याकाळी काय होणार आहे?

मालन : मी सांगू?

शकुबाई : काय सांगणार तू? तापानं डोकं चालंना तुझं.

मालन : डोकं चालतंय माझं. बाई, माझा भाऊ सातपूरला असतो. कंपनीत हाय. दोनदा येऊन गेला तो सायखेड्याला. म्हणतो, घरी चल. त्याच्या मित्राचा चुलतभाऊ हाय कुणी, बायको वारलेली. आमच्यात होतं दुसरं लगीन, त्याचं काय नाय. दोन्ही वेळेला आत्यांनी माझा हात धरून पुढं केला आन म्हणल्या, हे बघ, हातात बांगड्या हायत, नवरेवाली बाई हाय ही, कुठं नेतोस?

शकुबाई : खोटं काय बोलले मी?

मालन : मी खोटं म्हणले का? पण आत्या, बांगड्या गेल्या तर दादाला काय दाखवणार, ह्याची भीती हाय ना तुमाला? ते गेल्याची नाय. मी जाण्याची.

शकुबाई : हां, हाय! हाय भीती! काय करशील? पोरगा गेला... पोरगा नाय घरात. रातच्याला तू कूस बदलतेस, त्या बांगड्यांचा आवाज येतो, तवा मला झोप लागती. घरात कुणी हाय असं वाटतं. तू पण गेलीस तर मी भिंतींशी बोलू?

मालन : असं नका बोलू आत्या.

शकुबाई : तूच काढलंस ना? मग ऐक. म्हण बरं मला, की तू जाणार नायस. ह्या बाईंच्या देखत म्हण. मग लागलीच वाढवू.

सिस्टर : आजी, ही काय वेळ आहे का शपथा घ्यायची?

शकुबाई : तुमी थांबा जरा. म्हण मालन.

मालन : नाय म्हणता येणार.

शकुबाई : का गं?

मालन : खोटं कशाला बोलू? मला ठाऊकच नाय मी काय करीन ते. दादा आला की वाटतं जावं. तो गेला की तुमी भाकरीचा मोठा तुकडा माझ्या ताटात टाकता, मग वाटतं, कशाला जावं? आज नुसता हात ठणकतोय आत्या. दुसरं काय सुचत नाय. मला मरायचं नाय एवढं कळतंय.

शकुबाई : कोण मारतंय तुला? आगं, कोण मारतंय तुला, माझे बाई? इकडं बघ. मी मारतेय व्हय?

मालन : बोटं बघा ना माझी.

शकुबाई : बघितली. सिस्टरबाई.

सिस्टर : बोला.

शकुबाई : फोडा.

सिस्टर : वाढवा म्हणायचं ना?

शकुबाई : वाढवत्यात त्या परत भरायच्या असत्यात. ह्या फोडा.

मालन : आत्या...

शकुबाई : तू तिकडं तोंड कर. काच उडंल.

सिस्टर : उडणार नाही. खाली कापूस सरकवते, वरून कपडा धरते आणि पकडीने दाबते. मालन, श्वास घे. आजी, तुम्हाला बाहेर थांबायचं तर थांबा.

शकुबाई : मी हात धरते तिचा.

(काच मोडल्याचे बारीक आवाज, एकामागून एक.)

सिस्टर : झालं. बघ, रक्त आलं बोटात. मुंग्या येतात?

मालन : हां. जळजळ होतीय.

सिस्टर : होऊ दे, चांगलं आहे. डाव्या हाताच्या राहू दे. त्या हाताला काही झालं नाही.

शकुबाई : त्या तिचं ती बघंल.

सिस्टर : आता ऐका दोघी. आज चिरा देतील. नंतर रोज इंजेक्शन, रोज पट्टी बदलायची. हात वर ठेवायचा, गरम पाण्याने शेकायचा, पट्टी भिजवायची नाही. चुना नाही, शेण नाही, हळद नाही, काही नाही. कांदे पण नाही. सायखेड्याहून रोज एस्टीने येणं जमेल?

मालन : रोज कसं जमंल? आत्या, कसं करायचं?

शकुबाई : कसं म्हंजी? सातपूरला ऱ्हायचं.

मालन : दादाकडं?

शकुबाई : दुसरं कोण हाय सातपूरला? तिथनं बस सुटती शहरात यायला. भावजय पाणी गरम करून देईल. मला मेलीला शेकता तरी येतंय का नीट?

मालन : तुमी चला की माझ्यासंगं.

शकुबाई : सोयऱ्याच्या दारात मी कशाला? शेळी बांधलेली हाय घरी. डॉक्टरचं झालं की तुला पोचवते तिथं आन मी संध्याकाळची एस्टी धरते.

सिस्टर : चला मालन, साहेबांनी बोलावलं. चालता येईल?

मालन : येतंय. आत्या, दादा हात बघील माझा. मोकळा दिसल्यावर इचारील.

शकुबाई : इचारू दे.

मालन : काय सांगू त्याला?

शकुबाई : सांग, सासूनं मोकळा केला.