कुणी न बोललेलं वाक्य

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाच्या अधीक्षक महोदया. अतिदक्षता विभागातून सवड काढून व्यासपीठावर येऊन बसलेले डॉक्टरसाहेब. ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण जमलो आहोत त्या दुभाषी कक्षाच्या प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणतो त्या बाई. माझे सहकारी, परिचारिका, वॉर्डातली मंडळी. आणि तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची धरून बसलेल्या माझ्या सासूबाई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

आधी एक खुलासा करते. अध्यक्षांना आणि डॉक्टरसाहेबांना आपली भाषा येत नाही. म्हणून त्यांच्या मागे आमची एक सहकारी बसली आहे आणि मी बोलते ते त्यांना हळू आवाजात इंग्रजीत सांगते आहे. मी 'माझ्या सासूबाई' म्हटलं की तीही 'माझ्या सासूबाई' म्हणणार. साहेब, गोंधळू नका. तिला सासू नाही, तिचं अजून लग्नच व्हायचं आहे. आमच्या कामाचा हा पहिला नियम आहे. बोलणारा 'मी' म्हणाला की दुभाष्यानंही 'मी'च म्हणायचं. 'डॉक्टर असं म्हणतात', 'आजी तसं म्हणतात' अशी शेपटं लावायची नाहीत. दिवसभर 'माझ्या पोटात दुखतंय' असं सांगून संध्याकाळी खरोखर पोट धरून घरी जाणारे महाभाग आमच्या कक्षात आहेत, आणि ते आत्ता हसताहेत.

दुसरा नियम, कुणी बोललं नाही ते आपण बोलायचं नाही. तिसरा नियम, खोलीतलं खोलीत ठेवायचं. आज मी एका खोलीतलं थोडं बाहेर सांगणार आहे. पण त्या दिवशी मी दुभाष्याचा बिल्ला लावलेला नव्हता. मी तिथे पेशंटची बायको होते, तेव्हा तो नियम मला लागू नाही. बाई डोळे वटारून बघताहेत. बघू द्या, आज त्यांचा शेवटचा दिवस आहे.

निरोपाचं भाषण म्हटलं की कंठ दाटून यावा लागतो. माझा येणार नाही, हे आत्ताच सांगून टाकते. नवरा गेल्यापासून माझं मन बधिर आहे. दातांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो? असतो आपलाच, पण चावला गेला तरी कळत नाही. तसं झालं आहे. मी जेवते, काम करते, विनोदाला हसते. कुणी काळजी करू नये. पण बाईंबद्दल फार वाटतं असं म्हणाले तर ते खोटं होईल, आणि बाईंसमोर खोटं बोलायची सोय नाही. मला त्यांच्याबद्दल जे माहीत आहे तेवढंच सांगते.

आमच्या कक्षात दुपारच्या डब्याला एक खेळ चालतो. बाईंनीच सुरू केला. एखादा इंग्रजी शब्दप्रयोग मध्ये टाकायचा आणि ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत त्याचं काय होतं ते सांगायचं. इंग्रजांची क्रियापदं दोन-दोन शब्दांची असतात. दिसायला गरीब, पण प्रत्येकाच्या घरात वेगळी वागतात. एकदा बाईंनी 'लेट गो' टाकला. दोन इवलेसे शब्द. मी म्हटलं, सोपं आहे, सोडणे. बाई म्हणाल्या, काय सोडणे? हातातली दोरी सोडणे? कैद्याला सोडणे? कामावरून काढतात तेव्हाही साहेब हेच म्हणतात, तेव्हा 'तुम्हाला सोडतोय' म्हणशील? भांडण मिटवताना म्हणतात, तिथे आपण 'जाऊ दे' म्हणतो. आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, माझ्या भाषेत आवळलेली मूठ उघडण्याचा शब्द आहे, तो चालेल. दुसरी म्हणाली, आमच्याकडे होडी पाण्यात लोटतात त्याचा शब्द आहे. डबे गार झाले. शेवटी बाईंनी चमचा टेबलावर आपटला आणि म्हणाल्या, "शब्द नंतर शोधा. आधी मला सांगा, दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे?"

आम्ही हसलो होतो. पुढे काही महिन्यांनी माझा नवरा ऑफिसच्या जिन्यात कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, यंत्र त्याचा श्वास घेत होतं. एका दुपारी डॉक्टरांनी घरच्यांना बोलावलं. घरचे म्हणजे मी आणि सासूबाई. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. मला येतं, त्यावरच माझं पोट चालतं. मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात बाई बिल्ला लावून आत आल्या आणि मला म्हणाल्या, "तू आज बायको आहेस. गप्प बस."

त्या खोलीत दोन्ही भाषा कळणाऱ्या आम्ही दोघीच होतो, आणि त्यातल्या एकीला बोलायचं नव्हतं. म्हणून सगळं नीट ऐकलं ते फक्त मी.

डॉक्टरसाहेब, आपण इथेच आहात, चुकलं तर सांगा. आपण म्हणालात, मी शक्य होतं ते सगळं केलं, तो परत येणार नाही, आता त्याला 'लेट गो' करावं असं मला वाटतं.  बाई आमच्या भाषेत म्हणाल्या, "मी शक्य होतं ते सगळं केलं. तो परत येणार नाही. आता त्याला जाऊ द्यावं, असं मला वाटतं."

सासूबाईंनी डॉक्टरांकडे बघितलंच नाही. त्यांनी बाईंकडे बघितलं. म्हणाल्या, "तुला वाटतं? तू कोण गं? तुला विचारलंय कुणी?"

आता नियम म्हणजे नियम. बाई डॉक्टरांकडे वळल्या आणि शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या, "तुम्हाला वाटतं? तुम्ही कोण? तुम्हाला विचारलंय कुणी?" साहेब, आपला चेहरा उतरलेला मला आठवतो. सासूबाई पुढे म्हणाल्या, "मी त्याला जन्म दिलाय. त्याचं अंग अजून गरम आहे. मी नाही सोडणार." बाई इंग्रजीत म्हणाल्या, "मी त्याला जन्म दिलाय. त्याचं अंग अजून गरम आहे. मी नाही सोडणार." तोच आवाज, तोच थरकाप. सासूबाईंना वाटत होतं की ही बाई डॉक्टरांच्या बाजूनं आहे. आणि ती तर त्यांचंच भांडण परक्या भाषेत भांडत होती. सासूबाईंना ते कळायला काही मार्गच नव्हता.

मग सासूबाई बोलायच्या थांबल्या. डॉक्टरांनी विचारलं, आपल्याला आणखी काही म्हणायचंय का? बाईंनी ते सांगितलं. सासूबाईंनी पलंगाची दांडी धरली आणि गप्प राहिल्या. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. त्यांचंही बरोबर होतं, बाहेर दुसरा पेशंट त्या पलंगाची वाट बघत होता. यंत्र थांबवायची खूण नर्सला करायला त्यांनी हात उचलला.

आणि बाई बोलल्या. इंग्रजीत बोलल्या. "मला आजचा दिवस द्या. मला त्याचा हात धरून बसायचंय. मी सांगेन तेव्हाच थांबवा."

हे वाक्य कुणीही बोललेलं नव्हतं. सासूबाईंच्या ओठांतून शब्द फुटला नव्हता. आमच्या कामात याहून मोठी चूक नाही. नव्या मुलांकडून झाली असती तर बाईंनी त्यांना दुसऱ्या दिवशी बिल्ला काढून ठेवायला सांगितलं असतं. मी ऐकलं आणि गप्प बसले, कारण मला गप्प बसायला सांगितलं होतं.

डॉक्टर 'अवश्य' म्हणाले. त्यांनी स्वतः खुर्ची ओढून पलंगाला लावली आणि सासूबाईंना खांद्याला धरून बसवलं. सासूबाई दिवेलागणीपर्यंत त्याचा हात धरून बसल्या. कुणी त्यांना काही विचारलं नाही. शेवटी त्यांनीच होकारार्थी मान हलवली.

तेव्हापासून आमच्या घरात हिशोब पक्का झालेला आहे. जाऊ द्या म्हणाली ती दुभाषी बाई. खुर्ची दिली तो देवमाणूस डॉक्टर. बाई नंतर भेटायला आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. पुढे बाजारात बाई दिसल्या की सासूबाई पिशवी सावरून रस्ता ओलांडतात. मी बाईंना म्हटलं, मी घरी खरं काय ते सांगते. बाई म्हणाल्या, "अजिबात नाही. तिला रागवायला कुणीतरी हवं. गप्प बसलीस म्हणून तुझ्यावर रागावली तर तुमचं घर कसं चालेल? मी काय, आठवड्यातून एकदा बाजारात दिसते."

मी नाही सांगितलं. मग आजच का सांगते आहे? उद्या बाई आपल्या लेकीकडे कायमच्या राहायला जाताहेत, हे एक. आणि दुसरं, सासूबाई आज इथे बाईंसाठी आलेल्या नाहीत. डॉक्टरसाहेब येणार म्हणून आल्या आहेत. त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत साहेबांसाठी विणलेला मफलर आहे. सकाळी त्या मला म्हणाल्या, "त्याला माझ्या वतीनं सांग, तू माझं ऐकलंस, मला बसू दिलंस." म्हणजे ते वाक्य मला 'मी' म्हणून इंग्रजीत सांगायचं होतं. माझं मन बधिर असेल, पण जीभ नाही. खोटं सांगायला ती वळेना.

तर आई, तुम्ही तेव्हा काहीच बोलला नव्हतात. तुमच्या मनातलं यांनी बोलून टाकलं. खुर्ची साहेबांनी दिली, ती मागितली होती बाईंनी.

माफ करा मंडळी, क्षणभर थांबते. सासूबाई उठल्या आहेत.

मागच्या रांगांना ऐकू आलं नसेल, म्हणून सांगते. सासूबाईंनी बाईंना विचारलं, "हे खरं का गं?" बाई खाली बघताहेत. आमच्या सहकारिणीनं डॉक्टरांना सांगितलं असावं, कारण डॉक्टरही बाईंकडे बघताहेत. आता सासूबाई म्हणाल्या, "मला हिचा फार राग होता. तो धरून मी इतके दिवस काढले. आता मी काय धरू?"

आणि बाई सवयीनं डॉक्टरांकडे वळल्या आहेत आणि इंग्रजीत म्हणताहेत, "मला हिचा फार राग होता. तो धरून मी इतके दिवस काढले. आता मी काय धरू?" एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. आमची सहकारी गप्प झाली आहे. तिचं काम बाईंनी केलं.

मला वाटलं होतं की आज तरी मला रडू येईल. नाही आलं. 

बाई व्यासपीठावरून खाली उतरल्या आहेत. त्यांनी एक खुर्ची ओढली आहे, तिसऱ्या रांगेच्या कडेला. मफलर अजून पिशवीतच आहे. तो कुणाला द्यायचा, ते सासूबाईच ठरवतील. आपण तिकडे बघू नये, ही विनंती.

अध्यक्ष महोदयांनी वेळ दिला, डॉक्टरसाहेबांनी तेव्हाही ऐकलं आणि आजही, सभागृहानं शांतता राखली, सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, एखादं वाक्य कुणी न बोललेलंही आलं असेल, तर ते माझं समजून पोटात घाला. बाहेर चहा तयार आहे. त्या दोघींना आत्ता कुणी बोलावू नका.