आठ बायकांचं बटण

"हॅलो?… हॅलो, कोण?… कोण, मंदा? अगं मोठ्यानं बोल, धुळ्याहून बोलतेस की विहिरीतून?… हां, आता येतंय. बोल."

सुगंधाबाईंच्या एका हातात रिसीव्हर आणि दुसऱ्या हाताला वांग्याची काजळी. रविवारची सकाळ, जळगावातली थंडी, स्टोव्हवर भरताचं वांगं चढवलेलं. आणि फोन नेमका अशाच वेळी वाजतो, एरवी दिवसभर मेला मुका बसलेला असतो.

"काही नाही गं, वांगं भाजतेय… अहो! अहो, ते वांगं फिरवा जरा, एकाच अंगानं जळतंय!… तुला नाही गं, यांना. रिटायर झाल्यापासून नुसतं पेपरात तोंड… हं, बोल."

"कसला कार्यक्रम?… काल? अगं, कालचा रद्द झाला ना! धनसिंग मास्तरांचा निरोप आला शुक्रवारी. हॉलचं काहीतरी बिनसलंय, तुम्ही बाया येऊ नका म्हणून… झाला?… झाला म्हणजे काय? धुळ्यात? काल?… आमच्याशिवाय?"

धनसिंग मास्तरांचा ऑर्केस्ट्रा म्हणजे खानदेशात जुन्या हिंदी गाण्यांची संध्याकाळ. पुढे चकाकत्या कोटातला गायक, जरीच्या साडीतली गायिका, आणि मागे एकाच माइकभोवती दाटीवाटीनं उभ्या आठ बायका. त्यांना कोरस म्हणतात. त्यांची नावं कुणी पुकारत नाही, हार पुढच्यांच्या गळ्यात पडतात. पण मागचा 'आऽऽ' नसला तर जुनं गाणं बिनमिठाच्या भाजीसारखं लागतं, हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. सुगंधाबाई त्या आठांतल्या एक. दवाखान्यात सिस्टर होत्या तेव्हापासून, ड्यूटी बदलून बदलून त्या या माइकपाशी उभ्या राहत आल्या होत्या. मंदाबाई दुसऱ्या. त्या वर्षापूर्वी मुलाकडे धुळ्याला राहायला गेल्या, तरी कार्यक्रम असला की हजर.

"मग कोरस कुणी दिला?… कुणी?… मशीननं?… कीबोर्ड माहितीय मला, मी काय पहूरच्या बाजारातून आज आले? कीबोर्ड कोरस कसा देईल?… बटण?… म्हणजे दाबलं की आठ बायका?… बाया की बाप्ये तेही कळत नाही? वा! शाबास!"

सुगंधाबाईंची तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला, जणू पहिला कान भाजला होता.

"खोटं बोलला गं तो माणूस! तोंडावर सांगायची छाती नाही. म्हणे हॉलचं बिनसलं! इथे सगळ्यांच्या साड्या इस्त्री करून पडल्यात, मोरपंखी काठाच्या. शेवंताबाईनं नातीचं बारसं पुढे ढकललं, बारसं! गरज सरो नि वैद्य मरो… काय ऐक ना? तू ऐक! आणि तुला कसं कळलं हे सगळं?… गेली होतीस?… ऐकायला?… पुढच्या रांगेत बसून? मंदे!"

"नाही, नाही, थांब. मला आधी सांग, ते मशीन वाजवत कोण होतं?… कोण?… परत सांग."

"आपला लीलाधर?"

आता मात्र सुगंधाबाई मटकन स्टुलावर बसल्या. लीलाधर म्हणजे मंदाबाईंचा एकुलता एक. मंदाबाई त्याला काखेत मारून तालमीला यायच्या. तबल्याच्या गवसणीवर झोपायचा. आईची गायची पाळी आली की सुगंधाबाईंच्या मांडीवर, सुगंधाबाईंची आली की आईच्या. असं ते पोर दोघींच्या मधे वाढलं.

"माझ्या मांडीवर मुतलाय तो, मंदे! पोलक्यापर्यंत भिजवायचा मला. आणि आता माझ्याच जागेवर बोट ठेवतो?… तुला माहीत होतं?… महिन्यापासून? मशीन घरात येऊन पडलंय नि तू गप्प?… मास्तर सांगतो म्हणाले, आणि तू विश्वास ठेवलास! हो, कळतं मला, आपलेच दात नि आपलेच ओठ. पण मग मी कोण? मी परकी?"

बाईंच्या यजमानांनी, बन्सीलालभाऊंनी, पेपराच्या वरून हातानं खूण केली, हळू, बीपी वाढेल. बाईंनी नुसतं पाहिलं. भाऊ निमूट उठले आणि वांगं फिरवायला गेले.

"रडू नकोस. राग मला आलाय, रडायचं तर मी रडेन… बरं, बोल. बोल बाई. नाही तोडत मधे… नाही म्हटलं ना!"

आणि खरंच त्या गप्प बसल्या. हे त्यांच्या घरात कुणी फारसं पाहिलेलं नव्हतं.

"हं… हं… शेवटचं गाणं. हो, तेच, जिथे शेवटी आपला लांब 'आ' आहे… हं… मशीनचा कसा होता?… श्वासच घेत नाही? बाई गं, मग तो 'आ' कसला, तो तर दवाखान्यातला भोंगा!… नाही, नाही, बोल… मग तू काय केलंस?… खुर्चीत बसल्या बसल्या?… धरलास?… आपोआप कसा धरलास?"

याला कारण होतं. एवढा लांब 'आ' कुणाच्याच एका दमात होत नाही. म्हणून कोरसमध्ये जोड्या असतात. एकीनं श्वास घ्यायचा तेव्हा दुसरीनं धरायचं, दुसरीनं घ्यायचा तेव्हा पहिलीनं. ऐकणाऱ्याला वाटतं, सूर एकच आहे, तुटतच नाही. मंदाबाई आणि सुगंधाबाई ही एक जोडी. सुगंधाबाईंना हे वडिलांनी शिकवलं होतं. ते भीमजयंतीला गायनपार्टीत मागे उभे राहायचे. म्हणायचे, पुढचा थांबला तर लोक म्हणतात दम खातोय, मागचा थांबला तर म्हणतात गाणं पडलं. त्यामुळे पडू द्यायचं नाही.

"सगळे वळून बघायला लागले? बघू देत! फुकट नाही बघत… आणि मग? तुझा श्वास संपला तेव्हा?… हं… लील्यानं बोट उचललं?… बटणावरचं?… भर गाण्यात? का?… तुला नाही सांगत? दे. दे त्याला फोन."

"हॅलो, लील्या?… नमस्कार-बिमस्कार राहू दे. बोट का उचललंस?… मोठ्यानं बोल, गाणारणीचा पोरगा ना तू?… काय?… परत बोल."

"आईचा संपला की मावशीचा येतो, असं वाटलं?"

सुगंधाबाईंनी डोळे पुसले ते काजळीच्या हातानं. गालावर हा काळा फराटा उमटला. भाऊ स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते, पण सांगायची त्यांची हिंमत झाली नाही.

"नाही ना आला? कुठून येणार, रे? मावशी इथे रद्द झालेली होती… मग काय झालं?… पडलं गाणं. पडणारच… कोण ओरडलं?… साक्रीचे आबा? ते एकही कार्यक्रम न चुकवणारे? उभं राहून? काय म्हणाले?… 'बठ्ठ्या बाया कथा गयात?'… बरोबर विचारलं, सगळ्या बाया गेल्या कुठे! पुढच्या वेळी भेटले तर त्या आबांना माझा जयभीम सांग."

"आता कोण बोलतंय मागे?… मास्तर? तुमच्या घरी? आत्ता?… चहा पितायत?… साखर घातली का तुझ्या आईनं? घातली असेल, ती तशीच आहे… कशाला आलेत?… शनिवारचा जळगावचा कार्यक्रम? बटणावरच? बरं… आणि?… तुझ्या आईनं हॉलमध्ये बसायचंसुद्धा नाही?… बसायचं नाही? स्टेजवर उभं राहू दिलं नाही, आता खुर्चीत बसूही द्यायचं नाही? हॉल काय याच्या बापानं… दे. फोन दे त्यांना. चहा राहू दे म्हणावं, पळून नाही जात चहा."

सुगंधाबाई स्टुलावरून उठल्या. पदर खोचला. मास्तरांशी त्या बसून बोलणार नव्हत्या.

"हं, मास्तर. सुगंधा बोलतेय… तब्येत ठणठणीत आहे. हॉलचं बिनसलं होतं ना? जुळलं का?… नाही, आता तुम्ही ऐका. शुक्रवारी तुम्ही बोललात, खोटं का होईना, आज मी बोलते. काढायचं होतं तर दारात येऊन सांगायचं होतं, सुगंधाबाई, उद्यापासून नको. मी चहा पाजून पाठवलं असतं… वय झालं? कुणाचं?… आवाज थकले?… श्वास ऐकू येतात आमचे? माइकमधून?… लोक तक्रार करतात? कोणते लोक? साक्रीचे आबा का?"

समोरून मास्तर बरंच काही बोलत असावेत, कारण बाईंचं तोंड दोनदा उघडलं आणि मिटलं. तिसऱ्यांदा उघडलं ते उघडलंच.

"बास! हातच्या काकणाला आरसा कशाला? आत्ता ऐका. इथेच, फोनवर… हो, फोनवर! रिसीव्हर कानाला धरा, मंदाला जवळ घ्या, तिचं तोंड रिसीव्हरपाशी. मी इथून, ती तिथून. डोळे मिटा आणि आमच्यातल्या एकीचा तरी श्वास पकडून दाखवा. सापडला, तर शनिवारी मी येत नाही. बाकीच्यांनाही मीच सांगते, बायांनो, घरी बसा, मास्तरांचं खरं आहे. नाही सापडला, तर आठही जणी स्टेजवर, आणि ते बटण घरी… कबूल?… तोंडानं बोला मास्तर, मान हलवलेली जळगावात दिसत नाही!… हां."

"मंदे, आहेस?… घाबरतेस काय, रोजचंच आहे. लील्या, सूर दे. बटणाचा नको, साध्या पेटीचा. काळी चार… अहो! तो स्टोव्ह बंद करा, भर्रर्र आवाज जातोय आत!"

स्टोव्ह बंद झाला. अर्धं भाजलेलं वांगं तसंच राहिलं.

"आऽऽऽऽऽऽ"

सुगंधाबाईंनी डोळे मिटले. रिसीव्हरमधून मंदाबाईंचा सूर बारीक येत होता, पण येत होता. आधी मंदाबाईंनी श्वास घेतला, यांनी धरलं. मग यांनी घेतला, मंदाबाईंनी धरलं. जिना चढताना माणूस पाय मोजत नाही, तसं. शेजारची दोन पोरं खिडकीच्या गजांना लोंबकळून बघायला लागली. भाऊ हातातला चिमटा तसाच धरून उभे होते. त्या 'आ'त बाईंचा सगळा राग होता, पण तो सुरातच होता, इकडेतिकडे सांडत नव्हता.

मग पुन्हा बाईंची पाळी आली. त्यांनी निर्धास्तपणे श्वास घेतला, परत सुरात शिरल्या, आणि कानाशी काहीच नव्हतं. ना मंदा, ना टूं, ना टां. लाइन मेली होती.

दुसरी कुणी असती तर थांबली असती, टेलिफोन खात्याचा उद्धार केला असता. पण बाईंच्या मनात एकच आलं. आता मंदाची श्वास घ्यायची वेळ आहे. मी सोडलं तर तिथे भोक पडेल. लाइन नाही तर तिथे ऐकू कसं जाईल, हे त्यांना सुचलंच नाही. त्यांनी धरलं. त्यांची पुढची श्वासाची पाळी आली, तीही सोडली. मानेची शीर तटतटली, चेहरा लाल झाला, तरी धरलं. गाण्यात जिथे संपायचा तिथेच तो 'आ' संपला, आणि मग त्या भिंतीला टेकल्या.

"गेली," त्या भाऊंना म्हणाल्या. "लाइन गेली. अर्ध्यातच गेली. आता तो म्हणेल, तुटला. त्याला निमित्तच हवं होतं." आणि एवढा वेळ न आलेलं रडू आता आलं. भाऊ जवळ आले, चिमटा खाली ठेवला, पाण्याचा तांब्या पुढे केला.

फोन वाजला.

"हॅलो?… हो, मीच. मास्तर, हे बघा, ती लाइन… माझा दोष नाही, लाइन गेली, मी इथे… काय?… कधी गेली म्हणजे? मधेच गेली!… तुम्हाला कळलंच नाही?"

"शेवटपर्यंत ऐकला?… अखंड?… अहो, पण मी नव्हतेच तिथे!… डोळे उघडल्यावर कळलं, फोन मुका आहे ते?… हं… हं… शनिवारी. आठही जणी. बरं… ते माफी-बिफी शनिवारी सगळ्यांसमोर मागा, स्टेजवर, माइकवर. फोनवरची कोण मोजतंय! द्या, तिला द्या."

"मंदे?… माझा आवाज आला नाही तेव्हा काय केलंस?… एकटीनं?… शेवटपर्यंत?… अगं मेले, मग तू श्वास कधी घेतलास?"

सुगंधाबाई ऐकत राहिल्या. गालावरच्या काजळीतून पाण्याची एक रेघ खाली आली होती.

"हसतेस काय! दम लागलाय नि हसतेय… मी?… माझं काय विचारतेस…"

"मी तरी कुठे घेतला!"

आणि त्यांनी फोन ठेवला, कारण शेवंताबाईला बारसं आणखी पुढे ढकलायला सांगायचं होतं.